चिंतामणराव देशमुख आणि पालटत्या सत्तेचा हिशेब

चिंतामणराव देशमुख म्हटले की महाराष्ट्राला आठवतो तो १९५६ सालचा राजीनामा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा मानी पुरुष, ही त्यांची प्रतिमा मराठी मनावर कायमची कोरली गेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु या एका तेजस्वी प्रसंगाने त्यांच्या आयुष्याचा उरलेला भाग झाकोळून टाकला आहे, हेही तितकेच खरे. जगाची सत्ता एका राष्ट्राच्या हातून दुसऱ्या राष्ट्राच्या हाती जाऊ लागली की पैशाचे काय होते, कोणाची देणी बुडतात, कोणाची तरतात आणि नवे नियम कोण लिहितो, हे ज्या थोड्या भारतीयांनी अगदी जवळून पाहिले, त्यांत चिंतामणरावांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

आज त्या आयुष्याची वही पुन्हा उघडून पाहण्याची वेळ आली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनने संरक्षणखर्च वाढविण्यासाठी गरीब देशांना द्यावयाच्या विकाससाहाय्याचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये हेग येथे नाटो राष्ट्रांनी संरक्षण व तदनुषंगिक बाबींवरील खर्च २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत नेण्याचा संकल्प सोडला. जुलैमध्ये अमेरिकेची १९६१ पासून चालत आलेली विकाससाहाय्य संस्था मोडीत निघाली आणि तिचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे सोपविण्यात आले. ज्या तिजोरीतून विकासाचा पैसा येत होता तिचे तोंड आता शस्त्रागाराकडे वळले आहे. असे पूर्वी कधी घडले नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. बंदुकीचा खर्च आणि विकासाचा खर्च यांचे वैर जुने आहे; आणि त्या वैराची सर्वांत मोठी किंमत एकेकाळी भारतानेच मोजलेली आहे. त्या काळी त्या हिशेबाच्या वहीवर सही होती ती चिंतामणरावांची.

सनदी अधिकारी ते गव्हर्नर

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या परिसरातील नाते या गावी त्यांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथ हे वकील. १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास आणि १९१८ मध्ये लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक, ही त्यांच्या विद्यार्थिदशेची यशोगाथा सर्वपरिचित आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी महसूल व अर्थ खात्यांत दीर्घकाळ चाकरी केली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. एवढ्यावर सारे थांबले असते तर एक अत्यंत कार्यक्षम सनदी अधिकारी एवढीच त्यांची ओळख उरली असती.

जुलै १९३९ मध्ये त्यांची नेमणूक रिझर्व्ह बँकेत झाली आणि अवघ्या दोन महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले. हा केवळ योगायोग. परंतु त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. मध्यवर्ती मंडळाचे सचिव, मग डेप्युटी गव्हर्नर आणि गव्हर्नर सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर, अशा पायऱ्या ते चढत गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. कागदी नोटेवर एका भारतीयाची सही गव्हर्नर म्हणून प्रथमच उमटली. तो क्षण अभिमानाचा होता, पण त्या नोटा ज्या कारणासाठी छापल्या जात होत्या ते कारण मात्र अभिमान वाटावा असे नव्हते.

युद्धाचा खर्च आणि लंडनची वही

ती यंत्रणा नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मूळ तिच्यात आहे. युद्धाच्या प्रारंभी ब्रिटिश सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीचा करार झाला. हिंदुस्थानच्या संरक्षणाचा नेहमीचा खर्च आणि केवळ हिंदुस्थानच्या हितासाठी केलेला युद्धखर्च या देशाने सोसावा. बाकीचा ब्रिटनने भरून द्यावा, असे ठरले. वरकरणी ही वाटणी न्याय्य दिसते. पण ब्रिटन भरपाई करणार कशाने? सोन्याने नव्हे, यंत्रांनी नव्हे, धान्यानेही नव्हे. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खाती पौंडांची रक्कम जमा होत असे, आणि त्या जमेच्या आधारावर इकडे बँक रुपयाच्या नोटा काढीत असे. स्टर्लिंग रोखे हे चलनाला आधार म्हणून चालतील अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातच होती.

म्हणजे कापड, ताग, पोलाद, धान्य, चामडे आणि कोट्यवधी हातांचे श्रम देशाबाहेर किंवा सैन्याच्या छावण्यांत जात होते. आणि त्यांच्या बदल्यात देशात उरत होती ती कागदाची चळत. एखाद्या गावातील वाण्याने मोठ्या वाड्यावर वर्षानुवर्षे उधारीने माल पोचवावा, वही मात्र वाड्यातच राहावी आणि दुकानाची फळी रिकामी व्हावी, तसाच हा प्रकार होता. युद्धाच्या काळात प्रचारातील नोटांचे प्रमाण पाच-सहा पटींनी वाढले आणि घाऊक भाव दुपटीपलीकडे गेले. ठरीव पगारावर जगणारा कारकून आणि शिक्षक, भूमिहीन मजूर आणि मच्छीमार यांच्या ताटातील घास या भाववाढीने काढून घेतला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. त्या दुष्काळाला कारणे अनेक होती: ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला, नावा जप्त झाल्या, साठेबाजी झाली, शासन निष्ठुर आणि ढिसाळ होते. पण युद्धाच्या पैशाने फुगविलेले भाव हे त्यांतील एक प्रमुख कारण होते, हे नाकारता येणार नाही.

चिंतामणराव गव्हर्नरच्या खुर्चीवर बसले ते या दुष्काळाच्या ऐन भरात. ते परकीय सत्तेचे सेवक होते आणि चलनवाढीचे मूळ असलेला करार बदलण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आणि त्यांचा गौरव करणाऱ्यांनीही ती लपवू नये. त्यांच्या हाती होते ते एवढेच, की लंडनच्या वहीत जी रक्कम जमली होती तिचा आकडा चोख राहावा आणि तिच्यातील एकही पैसा कोणाच्या लबाडीने कमी होऊ नये. युद्ध संपले तेव्हा ही स्टर्लिंग शिल्लक सव्वा अब्ज पौंडांहून अधिक झाली होती. युद्धापूर्वी ब्रिटनचा ऋणको असलेला हिंदुस्थान आता त्याचा सर्वांत मोठ्या धनकोंपैकी एक झाला होता. सम्राट कर्जदार आणि प्रजा सावकार, असा हा इतिहासाचा विलक्षण उलटफेर होता.

ब्रेटन वुड्सचे मेज

युद्ध अजून चालू असतानाच, १ जुलै १९४४ रोजी, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. जगाचा आर्थिक कारभार युद्धानंतर कसा चालावा हे तेथे ठरावयाचे होते. ब्रिटनच्या वतीने लॉर्ड केन्स आणि अमेरिकेच्या वतीने हॅरी डेक्स्टर व्हाइट हे तेथील दोन प्रमुख सूत्रधार. केन्स यांची बुद्धी अधिक तेजस्वी होती यावर फारसा वाद नाही; पण व्हाइट यांच्यामागे अमेरिकेचे सोने आणि कारखाने उभे होते, आणि शेवटी आराखडा मुख्यतः अमेरिकेचाच ठरला. बुद्धी आणि सत्ता यांचा सामना झाला की नियम कोणाचे होतात, याचा धडा चिंतामणरावांना तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

हिंदुस्थान स्वतंत्र नव्हता. शिष्टमंडळाचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेसमन, म्हणजे एक इंग्रज. पण त्यांच्यासोबत चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि बी. के. मदन ही भारतीय मंडळी होती, आणि तिने हिंदुस्थानची बाजू अशी काही मांडली की परतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून तिला कोणी हिणवू शकले नाही.

त्यांच्या मागण्या मुख्यतः तीन होत्या. पहिली स्टर्लिंग शिल्लकेची. तिचा निदान काही भाग तरी नव्या नाणेनिधीच्या द्वारे डॉलरसारख्या, कोठेही चालणाऱ्या चलनात बदलून मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटनने ते मानले नाही. हा आपल्या दोघांतील मामला आहे, तो आपण परस्पर मिटवू, अशी केन्स यांची भूमिका होती आणि अमेरिकेलाही हे ओझे निधीवर नको होते. दुसरी मागणी विकासाची. नव्या संस्थांनी केवळ युरोपची पडझड सावरू नये, मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हेही त्यांचे ध्येय असावे, असा आग्रह हिंदुस्थानने धरला. तो पूर्णांशाने मान्य झाला नाही. तरी निधीच्या उद्दिष्टांत सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला. तिसरी मागणी स्थानाची. निधीतील हिंदुस्थानचा हिस्सा चाळीस कोटी डॉलर ठरला. अमेरिकेचा २७५ कोटी, ब्रिटनचा १३० कोटी, रशियाचा १२० कोटी, चीनचा ५५ कोटी आणि फ्रान्सचा ४५ कोटी, असा तो क्रम होता. चीनला आपल्या पुढे बसविणे हे आर्थिक कसोटीवर नव्हे तर अमेरिकेच्या युद्धकालीन राजकारणावर ठरले, ही गोष्ट हिंदी प्रतिनिधींच्या मनाला लागली होती.

मोठ्या पाच हिस्सेदारांना कार्यकारी संचालक स्वतः नेमण्याचा हक्क होता. हिंदुस्थान होता सहावा. पण रशियाने करारास मान्यता दिली नाही, तो बाहेर राहिला, आणि सहावा पाचवा झाला. पहिल्या मागणीत हिंदुस्थानला जवळजवळ काहीच मिळाले नाही, दुसरीत शब्द मिळाला, आणि तिसरीत जी जागा मिळाली ती अर्धी पात्रतेने व अर्धी रशियाच्या नकाराने. परंतु पुढे काळाने दाखविले की या तिन्हींत सर्वांत टिकाऊ ठरली ती जागाच.

आटणारा पैसा

युद्धानंतरची तीन-चार वर्षे चिंतामणरावांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीची म्हणावी लागतील. विजयी ब्रिटन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. डिसेंबर १९४५ मध्ये त्याने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले, आणि त्या करारात स्टर्लिंग शिल्लकेचा काही भाग धनको देशांशी बोलणी करून छाटून टाकण्याची कल्पनाही घातली गेली. युद्धात हिंदुस्थानचे रक्षण ब्रिटनने केले, तेव्हा त्याचे ऋण हिंदुस्थानने मानावे आणि येणे कमी करावे, असा प्रतिदाव्याचा सूर चर्चिल यांनी युद्ध चालू असतानाच लावला होता. सुरक्षिततेचे बिल असे मागाहून येते. ज्या सैन्यात या देशाचे वीस लाखांहून अधिक जवान होते, त्या सैन्याने केलेल्या रक्षणाची किंमत पुन्हा याच देशाने द्यावी, असा तो न्याय होता!

भारतातील सर्व जाणत्यांनी या छाटणीला विरोध केला. १९४७ च्या आरंभी ब्रिटिश शिष्टमंडळ दिल्लीत येऊन बोलणी करून गेले. त्या वर्षी जुलैत पौंड डॉलरमध्ये बदलण्यास खुला झाला आणि पाच-सहा आठवड्यांतच, २० ऑगस्टला, ब्रिटनला तो पुन्हा बंद करावा लागला. म्हणजे भारत स्वतंत्र होत होता त्याच आठवड्यात, त्याच्या शिलकेचे चलन जागतिक बाजारात पंगू होत होते. पुढे टप्प्याटप्प्याने करार झाले. शिल्लक नाममात्र तरी बुडाली नाही. पण लष्करी साहित्य आणि इंग्रज अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने यांपोटी मोठ्या रकमा तीतून वजा झाल्या, पाकिस्तानचा हिस्सा वेगळा निघाला, उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने मोकळी होणार होती, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले तेव्हा डॉलरच्या हिशेबात तिची किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी घटली.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट या साऱ्या व्यवहारावर झगझगीत प्रकाश टाकते. युद्धात अहोरात्र राबून भारतीय रेल्वेची इंजिने झिजून गेली होती. नवी इंजिने हवी होती. ज्याच्या नावावर लंडनमध्ये कोट्यवधी पौंड होते त्या देशाला ती घेण्यासाठी ऑगस्ट १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून ३ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज काढावे लागले. आशियातील देशाला त्या बँकेने दिलेले हे पहिले कर्ज. जुन्या सत्तेच्या युद्धात झिजलेली इंजिने नव्या सत्तेच्या कर्जाने बदलली गेली. सावकार स्वतःच कर्जदार झाला. चिंतामणराव जून १९४९ अखेर गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले होते. फाळणीनंतर काही महिने दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून एकाच संस्थेचा कारभार चालविण्याचे अवघड काम त्यांनी केले होते आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच कारकिर्दीत झाले होते.

गव्हाचे जहाज आणि कोरियाचे रण

निवृत्तीनंतर सरकारने त्यांना अमेरिका व युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमले. पुढे ते नियोजन मंडळावर आले आणि १९५० च्या मध्यास जॉन मथाई यांच्या जागी अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सहा वर्षांपूर्वी परतंत्र देशाचा प्रतिनिधी म्हणून जो मेजाच्या कडेला बसला होता, तो आता मेजाच्या शिरोभागी होता.

पण खुर्ची मिळाली म्हणून भूक भागत नाही. १९५०-५१ मध्ये देशात धान्याची भीषण टंचाई झाली. अमेरिकेकडे वीस लाख टन गहू मागण्यात आला. तिकडे कोरियात युद्ध पेटले होते, त्या युद्धात भारताने अमेरिकेच्या मागे मुकाट्याने जाण्याचे नाकारले होते, आणि अमेरिकन काँग्रेसमधील अनेकांना त्याचा राग होता. गहू कोठारांत पडून होता, पण विधेयक महिनोन्महिने अडले. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज म्हणून, दान म्हणून नव्हे, तो गहू मिळाला. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की त्या कर्जाच्या व्याजातील काही रक्कम पुढे भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके घेण्याच्या कामी लावण्यात आली. या प्रसंगातून अर्थमंत्र्यांना जे कळले ते त्यांच्या पिढीने कधी विसरले नाही: उपाशी माणसाच्या हातातील वाडग्याचाही लष्करी नकाशाशी संबंध असतो.

ब्रिटनचे वागणे निराळे, पण फारसे उदार नव्हे. १९५१ पासून कोलंबो योजना कार्यवाहीत आली. राष्ट्रकुलातील श्रीमंत देशांनी आशियातील देशांना मदत करावी ही तिची कल्पना. तीत ब्रिटनने जो आपला वाटा म्हणून दाखविला त्यातील मोठा भाग स्टर्लिंग शिल्लकेच्या हप्त्यांचा होता. भारतासाठी तो सहा वर्षे दरसाल साडेतीन कोटी पौंड असा ठरला. ज्याचे त्याला परत देणे यालाही साहाय्य म्हणता येते, हे आंतरराष्ट्रीय अर्थकारणाच्या शब्दकोशाचे एक वैशिष्ट्य आहे. शब्द कोण वापरतो यावर त्याचा अर्थ ठरतो.

या अनुभवांतूनच चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या कारकिर्दीचा गाभा तयार झाला असे म्हणावयास हरकत नाही. बाहेरचा पैसा घ्यावा, पण घर चालावे ते आपल्या बचतीवर, हे ते सूत्र. पहिली पंचवार्षिक योजना बेताची होती आणि ती बव्हंशी देशांतर्गत साधनांवर पार पडली. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती खेड्यापाड्यांतील बचत गोळा करण्यासाठी. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. लहान माणसाच्या हप्त्यांतून देशाच्या विकासाचे भांडवल उभे राहावे हा त्यामागील एक हेतू. आणि १९५५ मध्येच जागतिक बँकेच्या एक कोटी डॉलरच्या कर्जाची जोड देऊन आयसीआयसीआय ही उद्योगांना दीर्घ मुदतीचे भांडवल पुरविणारी संस्था निघाली.

तथापि त्यांच्या हातून चूक झाली नाही असे नाही. दुसऱ्या योजनेचा ४,८०० कोटी रुपयांचा आराखडा तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. १,२०० कोटींचा तुटीचा अर्थभरणा आणि ८०० कोटींचे परकीय साहाय्य त्यात गृहीत होते. हे अंथरूण पाहून पसरलेले पाय नव्हेत, असा इशारा बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमतपत्रिका लिहून दिला. बहुमताने तो बाजूला सारला. योजना सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच उरलेली स्टर्लिंग शिल्लक झपाट्याने आटली. ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने धनको राष्ट्रांना एकत्र बसवून भारताला तगवावे लागले. तोवर चिंतामणराव सत्तेबाहेर होते. पण ज्या शिलकेच्या एकेका पौंडासाठी त्यांनी एके काळी झुंज दिली, ती इतक्या लवकर संपेल हे त्यांच्याही हिशेबात आले नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे.

राजीनामा आणि नंतर

१६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाला, माणसे मेली. कुलाब्याचे खासदार असलेल्या अर्थमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला आणि जुलैमध्ये तो अमलात आला. या प्रसंगाचा आपल्या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. जो मनुष्य लंडन आणि वॉशिंग्टनसमोर आपल्या देशाचे येणे सोडावयास तयार नव्हता, तोच मनुष्य दिल्लीसमोर आपल्या प्रदेशाचे येणे सोडावयास तयार झाला नाही. हिशेब चोख असावा आणि ज्याचे त्याला मिळावे, ही एकच वृत्ती दोन्हीकडे दिसते.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद, १९६२ पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९५९ चे मॅगसेसे पारितोषिक, १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक व तीतील पराभव, दुर्गाबाईंच्या सोबतीने केलेले समाजकार्य, मेघदूताचा मराठी पद्यानुवाद, असे त्यांचे उत्तरायुष्य समृद्ध होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

आजचा अर्थ

ब्रेटन वुड्सला मिळालेली ती जागा पुढे भारताला राखता आली का? तिचेही उत्तर पाहण्यासारखे आहे. जपानचा उदय झाला आणि १९७० च्या सुमारास पहिल्या पाचांतील भारताचे स्थान त्याच्याकडे गेले. २०१० मध्ये ठरलेली हिश्शांची फेररचना अमेरिकन काँग्रेसच्या दिरंगाईमुळे २०१६ च्या जानेवारीत अमलात आली. तीत भारत आठवा झाला आणि त्याचा हिस्सा पावणेतीन टक्के ठरला. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे एकटीकडे सोळा टक्क्यांहून अधिक आहेत. १९४४ मध्ये लिहिलेला नियम ऐंशी वर्षांनंतरही नकाराधिकार देतो आहे.

चीन हे सारे शिकला. २०१६ मध्ये बीजिंगला सुरू झालेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत मोठ्या निर्णयांना ७५ टक्के मते लागतात आणि चीनची मते पंचवीस टक्क्यांहून अधिक. कुलूप नवे, पण घडण तीच. भारत तेथे दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे. ब्रिक्सच्या नव्या विकास बँकेत मात्र पाचही संस्थापकांनी समान हिस्सा घेतला, आणि २०१५ मध्ये तिचे पहिले अध्यक्षपद आले ते के. व्ही. कामत यांच्याकडे, म्हणजे चिंतामणरावांच्या काळात जन्मलेल्या आयसीआयसीआयच्या परंपरेत घडलेल्या माणसाकडे. संस्था आणि माणसे घडविण्याचे पीक असे साठ वर्षांनी हाती येते.

दुसऱ्याच्या वहीतील शिलकेचा प्रश्नही जुना झालेला नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठविली. आक्रमकाला शासन व्हावे याविषयी दुमत नको; पण परक्या तिजोरीतील पैसा शेवटी कोणाच्या मर्जीवर आपला असतो, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधील सुमारे १०० टन सोने मायदेशी आणले. आणि मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीला आलेल्या रशियन परराष्ट्रमंत्र्यांनी भारतीय बँकांत आपले अब्जावधी रुपये वापराविना साचून पडल्याची अडचण बोलून दाखविली, तेव्हा तर इतिहासाने कूस बदलल्याचा भास झाला. या वेळी वही आपल्याकडे होती आणि अडकलेला धनको दुसरा होता. त्या धनकोशी आपण कसे वागतो, यावर आपल्या चलनाची उद्याची पत ठरेल. ज्याने स्वतः तो चटका सोसला आहे त्याने तरी हे ओळखले पाहिजे.

चिंतामणरावांच्या आयुष्याचा निष्कर्ष काढावयाचा तर तो असा: सत्ता पालटते तेव्हा पैसा आटतो, आश्वासने बदलतात, देण्याला मदतीचे नाव मिळते; टिकून राहतात त्या दोनच गोष्टी, एक म्हणजे नियम लिहिले जाताना मिळविलेली जागा आणि दुसरी म्हणजे आपल्या घरातील बचत. आज पुन्हा नियम लिहिले जात आहेत. मोठी राष्ट्रे शस्त्रांकडे वळत असता विकासाच्या पैशासाठी जुन्या दारांत ताटकळत राहण्यात अर्थ नाही. नव्या मेजावर आपला माणूस अभ्यास करून, आकडे मुखोद्गत करून, कोणाच्या उपकाराचे ओझे न घेता बसला पाहिजे. असा माणूस आयत्या वेळी निर्माण होत नाही. तो शाळेत आणि विद्यापीठात आधी घडावा लागतो. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या कोकणातील एका मुलाला जगाच्या नाणेव्यवहाराच्या मेजावर पोचण्यास बत्तीस वर्षे लागली. पुढील मुलाची तयारी आपण आज सुरू केली आहे का, एवढाच प्रश्न उरतो.